नोकरी सांभाळून सैन्यात विमान-देखभाल अधिकारी होता येते का?

हिंगणघाट_मेकॅनिकल (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय २९ असून मी यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर आहे आणि गेली सहा वर्षे हिंगणघाट तालुक्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत (जेथे कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात) देखभालीचे काम पाहतो. घरी नऊ एकर वावर आहे, ते वडील आणि थोरले बंधू सांभाळतात. आमचे काम हंगामी आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की होळीपर्यंत यंत्रे रात्रंदिवस चालतात, आणि त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत रोलर बदलणे, बेअरिंग काढणे-घालणे, मोटारी उघडून पाहणे एवढेच काम उरते.

दिवाळीत माझा मावसभाऊ अमेरिकेतून आला होता. त्याच्या कार्यालयातील एक अभियंता महिन्यातून एका शनिवार-रविवारी गणवेश घालून जवळच्या हवाई तळावर जातो आणि तेथे लष्करी विमानांच्या देखभालीचा अधिकारी म्हणून काम करतो, असे त्याने बोलता बोलता सांगितले. सोमवारी तोच माणूस पुन्हा आपल्या टेबलावर हजर असतो. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला, म्हणजे आमच्या गावापासून दीड-दोन तासांवर आहे, आणि लहानपणापासून वायुसेनानगरच्या फाटकावरून जाताना एसटीच्या खिडकीतून मान वळवून पाहण्याची मला सवय आहे. विमान उडवण्याची हौस मला कधीच नव्हती. ते उडण्यालायक ठेवणाऱ्या माणसांत आपण असावे, असे मात्र फार वाटते.

आपल्या देशात असे अर्धवेळ काम करता येते का, येत नसेल तर का येत नाही, आणि माझ्यासारख्याने यासाठी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घर आणि वावर सोडून कायमचे जाणे मला शक्य नाही, हेही आधीच नमूद करतो.

मेहकरचा_इंजिन_फिटर

चिरंजीव, तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण विमान म्हटले की बहुतेक मुलांना फक्त वैमानिक दिसतो. मी भारतीय वायुसेनेत इंजिन फिटर म्हणून भरती झालो, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता मेहकरजवळ गावी सोयाबीन-तूर करतो. सरळ उत्तर आधी देतो: आपल्या वायुसेनेत आज अर्धवेळ अधिकारी होण्याची सोय नाही.

एके काळी तिचा आरंभ झाला होता. १९५२ साली राखीव आणि सहायक वायुसेनेसंबंधी कायदा झाला आणि त्याखाली दिल्ली, मुंबई, मद्रास अशा शहरांत सहायक वायुसेनेच्या स्क्वॉड्रन उभ्या राहिल्या. आपापला व्यवसाय करणारे नागरिक सुटीच्या दिवशी येऊन तेथे प्रशिक्षण घेत असत. पुढे त्या स्क्वॉड्रन बंद करण्यात आल्या आणि ती वाट बुजली.

नियमित वाट म्हणजे अधिकारी निवडण्यासाठीची वायुसेनेची ॲफकॅट परीक्षा आणि त्यातून वैमानिकी अभियांत्रिकी शाखा, जिच्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल असे दोन भाग आहेत. निवड झाल्यावर प्रशिक्षण हैदराबादजवळ दुंडीगलच्या अकादमीत आणि पुढे बंगळुरूच्या जालहळ्ळी येथील तांत्रिक महाविद्यालयात होते. या शाखेसाठी वयाची अट २० ते २६ अशी आहे, म्हणजे तुमच्यासाठी तो दरवाजा मिटलेला आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटी आशा दाखवणे मला पटत नाही.

आता तुमच्या ‘का’ या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गोष्ट तेथे आहे. देखभाल अधिकारी स्वतः पाना हातात घेत नाही. पाना आमच्या हातात असतो. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, शस्त्रास्त्रवाला असे निरनिराळ्या कामांचे तंत्रज्ञ एकेका विमानावर काम करतात आणि आपापल्या कामाखाली स्वतः सही करतात. या सगळ्या सह्या ज्या वहीत होतात तिला आम्ही फॉर्म ७०० म्हणतो. उडून आल्यावर वैमानिक आपली तक्रार तिच्यात लिहितो, दुरुस्ती करणारा काय केले ते लिहितो आणि पुढचा वैमानिक ती वाचून, सही करून मगच विमान ताब्यात घेतो. आजची दहा विमाने उद्या सकाळी किती उभी राहतील, कोणते उघडायचे, कोणते थांबवायचे, कोणत्या कामावर कोणता माणूस लावायचा, सुटा भाग डेपोतून केव्हा येणार, आणि मुख्य म्हणजे ‘हे विमान उद्या जाणार नाही’ असे वरिष्ठांना तोंडावर केव्हा सांगायचे, हे अधिकाऱ्याचे काम असते.

एक प्रसंग सांगतो. माझी पहिली दहा वर्षे मिग-२१ वर गेली, जे विमान १९६३ मध्ये वायुसेनेत आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. राजस्थानातील एका तळावर पौषातल्या थंडीत एक विमान संध्याकाळी उतरले आणि वैमानिकाने वहीत लिहिले की, इंजिनाच्या तापमानाचा काटा क्षणभर वर जाऊन खाली आला. आम्ही इंजिन जमिनीवर चालवून पाहिले, दोनदा पाहिले, काटा जागचा हलला नाही. अशा वेळी ‘तपासले, दोष आढळला नाही’ असे लिहून विमान मोकळे करणे नियमात बसत होते. परंतु आमचा देखभाल अधिकारी, हुद्द्याने फ्लाइंग ऑफिसर, जो वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा होता, तो काही केल्या तयार होईना. त्याने वहीची पाने मागे उलटली आणि अकरा दिवसांपूर्वीची एक ओळ काढून दाखवली. दुसऱ्याच वैमानिकाने, दुसऱ्याच शब्दांत, तीच गोष्ट लिहिलेली होती, आणि त्या संध्याकाळीही हा मुलगा तेथे उभा होता म्हणून ती त्याच्या लक्षात राहिली होती. मग आम्ही रात्री दोनपर्यंत टॉर्चच्या उजेडात एकेक वायर बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेचे एक टोक जोडणीत सैल झालेले सापडले. जमिनीवर ते नीट बसत होते आणि हवेत हादरा बसला की सुटत होते. त्या गार धातूवर बोटे थंडीने बधिर होत होती, ते मला अजून आठवते.

महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या अधिकाऱ्याला ती अकरा दिवसांपूर्वीची ओळ कशी आठवली असती? मी अर्धवेळ सेवेच्या विरोधात नाही. परंतु विमानाची ओळख रोजच्या सहवासाने होते आणि ज्या सहीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तिच्यामागे ती ओळख असावी लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

दारव्हेकर_परदेशी

वरील वॉरंट ऑफिसर साहेबांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न मला स्वतःला आठ वर्षे पडत होता. माझे मूळ गाव दारव्हा तालुक्यात (यवतमाळ) आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर मी तेथील एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे मुख्यतः नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्यांच्या वायुदलात, देखभाल अधिकारी म्हणून काम केले. आठवडाभर मात्र माझी नोकरी एका मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होती. एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचा गैरसमज होणार नाही. तेथे अधिकारी होण्यासाठी नागरिकत्व आवश्यकच आहे, त्यामुळे भारतात राहून किंवा नुसत्या ग्रीन कार्डावर हा मार्ग मिळत नाही.

व्यवस्था अशी आहे की, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सलग पंधरा दिवस हजर राहावे लागते. मात्र सुरुवात अशी सोपी नसते. अलाबामातील मॅक्सवेल तळावर अधिकारी प्रशिक्षण आणि त्यानंतर टेक्सासमधील शेपर्ड तळावर देखभाल अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम, एवढे सगळे पूर्णवेळ करावे लागते आणि तेवढे महिने नोकरी बाजूला ठेवावी लागते. ती परत मिळण्याची हमी १९९४ च्या एका कायद्याने दिलेली आहे. पुढेही बोलावणे आले की ‘महिन्यातून दोन दिवस’ हा शब्दप्रयोग कागदावर राहतो. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी घरापासून हजारो मैल दूर होतो.

आता त्या अकरा दिवसांच्या प्रश्नाविषयी. तेथील उत्तर असे आहे की, अर्धवेळ लोकांच्या जोडीला प्रत्येक तुकडीत पूर्णवेळ तंत्रज्ञ असतात. सोमवार ते शुक्रवार तेच हँगर चालवतात आणि शनिवारी त्याच गणवेशात आमच्याबरोबर रांगेत उभे राहतात. विमानाची आठवण त्यांच्याजवळ असते. आमच्याकडे केसी-१३५ ही हवेत इंधन भरणारी विमाने होती, त्यांतले शेवटचे १९६५ साली वायुदलाला मिळालेले, म्हणजे सगळीच माझ्याहून वयाने मोठी. आमचे एक पूर्णवेळ सार्जंट त्यांतल्या एका विमानावर वीस वर्षे काम करत होते. पहिल्या दोन-तीन वेळा मी शनिवारी जाऊन, आपण अधिकारी आहोत या भावनेने, काय करायचे ते सांगायला लागलो. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की, साहेब, आधी विचारा, मग सांगा. त्यानंतर प्रत्येक वेळी मी पहिला तास त्यांच्याजवळ बसून, गेल्या महिन्यापासून काय काय बदलले, हेच ऐकत असे, आणि माझ्या सहीला जी काही किंमत होती ती त्या एका तासामुळे होती.

वेळेचेही सांगतो, कारण बाहेरून ते लक्षात येत नाही. शनिवारची सकाळ हजेरी, वैद्यकीय तपासण्या, दरवर्षीची सक्तीची प्रशिक्षणे आणि हाताखालच्या लोकांचे मूल्यमापन यांतच जाते. विमानाजवळ पोहोचायला दुपार होते.

एका रविवारी दुपारी काम आटोपताना हत्यारांच्या पेटीत एक छोटा सॉकेट कमी भरला. तेथे प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा फोममध्ये कापलेला असतो, त्यामुळे रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. ज्या विमानावर काम झाले होते ते संध्याकाळी निघायचे होते आणि वैमानिक तयार होऊन बसले होते. मी उड्डाण थांबवले. चाळीस माणसांनी तीन तास शोधले आणि शेवटी तो सॉकेट एका मुलाच्या हिवाळी जॅकेटच्या अस्तरात, फाटलेल्या खिशातून खाली उतरलेला सापडला. विमानात काहीच नव्हते. त्या तीन तासांबद्दल मला कोणी एक शब्द बोलले नाही, उलट त्या मुलाला सगळ्यांनी धीर दिला. असे वातावरण असेल तरच माणूस आपली चूक लपवत नाही.

वैनगंगा_काठ

मी भंडारा जिल्ह्यात राहतो, शासकीय नोकरी करतो आणि प्रादेशिक सेनेत म्हणजे टेरिटोरियल आर्मीत अधिकारी आहे. मूळ प्रश्नकर्त्यांना वयाचा विचार करता हाच दरवाजा उघडा आहे, म्हणून माहिती देतो.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा आहे आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचे उत्पन्नाचे साधन या अटी आहेत. ज्याच्याजवळ दुसरे काम नाही त्याच्यासाठी ही सेवा नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे. लेखी परीक्षेत तर्कशक्ती, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असते. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. त्यानंतर प्राथमिक मुलाखत, मग एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि वैद्यकीय तपासणी. विदर्भातील मुलांना हे दूरचे वाटते, पण नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात प्रादेशिक सेनेचीच ११८ वी पायदळ बटालियन आहे.

परंतु येथे तुम्हाला विमान मिळणार नाही. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या विभागीय तुकड्या आहेत, पर्यावरणाच्या तुकड्या आहेत, पायदळ आहे. विमानांच्या देखभालीची तुकडी नाही. तुम्ही यंत्रांचे माणूस आहात आणि पायदळात तुम्हाला यंत्रांपेक्षा माणसे सांभाळावी लागतील. माझ्या मते तुमचा निर्णय याच ठिकाणी आहे. वर्दी हवी की विमान हवे, हे तुम्हाला स्वतःला विचारावे लागेल, कारण अमेरिकेत ज्या दोन गोष्टी एकाच शनिवारी मिळतात त्या आपल्याकडे दोन वेगळ्या दारांआड आहेत.

वर्षाला साधारण दोन महिन्यांचे प्रशिक्षण धरून चाला आणि गरज पडली तर त्याहून कितीतरी अधिक काळ बोलावले जाईल, याची घरात आधीच कल्पना द्या. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेना उतरली होती. ही निवृत्तिवेतनाची नोकरी आहे असे समजून कोणी येऊ नये.

उमरेडची_एएमई

विमान हवे असेल तर लष्कराबाहेरही विचार करा. मी नागरी विमानांच्या देखभालीत आहे. नागपूरला विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात बोइंगने उभारून दिलेले मोठे विमान-दुरुस्ती केंद्र आहे आणि तेथे विदर्भातील पुष्कळ मुले-मुली काम करतात. विमानाला ‘उडण्यास योग्य’ असे प्रमाणपत्र देण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो. त्यासाठी एकेका विषयाच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव हवा. नुसत्या अभियांत्रिकी पदवीवर सही करता येत नाही, ही गोष्ट अनेक पदवीधरांना उशिरा कळते. वय २९ ही अडचण नाही. हिंगणघाटहून रोजचे येणे-जाणे आणि रात्रपाळी मात्र अडचणीची ठरेल, कारण विमाने रात्रीच मोकळी असतात. अर्धवेळ हा प्रकार आमच्याकडेही नाही.

हिंगणघाट_मेकॅनिकल

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना मी फिटर काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण तारेचे टोक सापडले तेथे त्यांनी पुन्हा वाच म्हणून सांगितले.

ते अकरा दिवसांचे उदाहरण मला आमच्या कामामुळे लगेच समजले. कापसाच्या गाडीतून कधी खिळा येतो, कधी बैलगाडीचा नट येतो. चुंबकातून तो निसटून रोलरपाशी गेला की ठिणगी पडते, आणि रुईत पडलेली ठिणगी तासभर दिसत नाही, नंतर एकदम गाठींच्या ढिगातून धूर येतो. दोन वर्षांपूर्वी मी पूर्वी जेथे होतो त्या कारखान्यात अशी आग लागली होती. त्या यंत्राचा आवाज चार दिवसांपासून बदलला होता, आणि ते रात्रपाळीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना माहीत होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते. ‘आधी विचारा, मग सांगा’ हे वाक्य वाचले तेव्हा मला त्यांचाच चेहरा दिसला.

दारव्हेकर साहेबांच्या खाचांची कल्पना मी लगेच अमलात आणली. पत्र्याच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची रंगाने आकृती काढली आणि पाळी संपताना सगळी हत्यारे तेथे टांगायला सांगितली. पहिल्याच संध्याकाळी तीन आकृत्या रिकाम्या राहिल्या. दोन पाने कामगारांच्या डब्यांच्या पिशव्यांत निघाले आणि तिसरा, १९ नंबरचा, चौदाव्या जिनच्या गार्डावर, फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेला होता.

वर्दी की विमान याचा विचार करताना मला असे वाटले की, घर आणि वावर सोडायचे नसेल तर विमान माझ्या हाती येणे कठीण आहे, आणि हे मान्य करायला चार दिवस लागले. प्रादेशिक सेनेची परीक्षा मात्र देणार आहे. वैनगंगा साहेब, एकच शंका आहे: वार्षिक प्रशिक्षण ऐन हंगामात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आले तर काय करायचे? आणि मालकांना आत्ताच सांगावे की निवड झाल्यावर?

वैनगंगा_काठ

आत्ताच सांगा. शिबिराच्या तारखा तुकडी ठरवते आणि त्या तुमच्या कापसाच्या हंगामाकडे पाहून ठरणार नाहीत, त्यामुळे हंगामात तुमच्या जागी कोण उभा राहील याची तयारी मालकांना आधीपासून करावी लागेल. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेण्याची तरतूद १९४८ च्या कायद्यात आहे, तिची प्रत सोबत न्या, पण बोलणे मात्र कायद्यापासून सुरू करू नका. रात्रपाळीच्या त्या मिस्त्रींसारखा एखादा माणूस सध्याच्या कारखान्यात असेल तर त्याला हाताशी धरून आत्तापासून तयार करा. आणि सकाळी धावायला सुरुवात करा, वैद्यकीय तपासणीत वजनावर बरेच जण अडकतात.